‘एकोणतीस’ म्हटल्यावर ३९

शिक्षिका व्हायचं ठरवून प्रशिक्षणाला गेले, तेव्हा वर्गात जायचं म्हणजे शिकवायचं अशीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात आंतरवासितेचे, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष काम शिकण्याच्या काळाचे, पहिले दोन आठवडे मी शेवटच्या बाकावर बसून काढले. तिसरीचा वर्ग, पटावर ३४ मुलं आणि माझ्या हातात निरीक्षण वही.

वही मी मन लावून लिहीत होते. बाईंनी प्रस्तावनेला कोणते प्रश्न विचारले, हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं हे सांगणं, कसं केलं, फळ्याचे भाग कसे पाडले, गृहपाठ काय दिला, सगळं. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकेनं ती वही मागून घेतली, उभ्या उभ्या चाळली आणि म्हणाल्या, “अगं, यात पानोपानी मीच आहे. मुलं कुठायत?”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला वेगळं काम दिलं. एका तासाला एकच मूल निवडायचं आणि पूर्ण तास त्याच्याकडेच बघायचं. ते काय करतंय तेवढं लिहायचं, ते कसं आहे हे लिहायचं नाही. मी ‘लक्ष नाही’ असं लिहिलं की त्या खोडायच्या. “खिडकीबाहेर बघतोय असं लिही. लक्ष आहे की नाही हे तुला कुठून कळलं?”

खिडकीजवळ बसणारा एक मुलगा मी निवडला. भाषेचा तास होता आणि फळ्यावरच्या चार ओळी वहीत उतरवायच्या होत्या. तो मान वर करायचा, एक अक्षर बघायचा, खाली मान घालून ते लिहायचा, की पुन्हा मान वर. ‘पाऊस’ लिहायला त्याची मान तीन वेळा वर झाली. शेजारची मुलगी एकदा वर बघून अर्धी ओळ लिहून मोकळी होत होती. तास संपला तेव्हा दोघांच्याही वह्यांत त्याच चार ओळी होत्या, एकही चूक नव्हती, आणि अक्षर तर त्याचंच जास्त वळणदार होतं. नुसती वही तपासणाऱ्याला काहीच कळलं नसतं. पण एक जण वाचून लिहीत होता आणि दुसरा चित्र उतरवल्यासारखी अक्षरं उतरवत होता.

सुट्टीत त्याच्याजवळ बसून त्याच ओळी मी त्याला वाचायला सांगितल्या. ‘दिवस’पाशी तो अडला. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात अक्षराच्या नंतर येते. वाचता येणाऱ्याला हे कधी जाणवत नाही. त्याला दर वेळी जाणवत होतं, आणि दर वेळी तो तिथं थबकत होता.

वर्गशिक्षिकेला हे आधीपासून ठाऊक होतं. त्या रोज दहा मिनिटं त्याला जवळ घेऊन बसायच्या. मी ते रोज पाहत होते आणि वहीत ‘वैयक्तिक लक्ष’ एवढे दोन शब्द लिहून पुढं जात होते. त्या दिवशी मी ते पान नव्यानं लिहिलं. पाऊण पान भरलं.

वर्गात जाण्याआधी अध्यापक विद्यालयात आमचे सूक्ष्म पाठ झाले होते. सूक्ष्म अध्यापनाची ही पद्धत १९६३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. एक छोटं कौशल्य घ्यायचं, प्रश्न विचारणं किंवा फलकलेखन, आणि तेवढंच थोडक्या वेळात शिकवून दाखवायचं. आमचं चक्र ३६ मिनिटांचं होतं: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला यावरचा अभिप्राय), १२ मिनिटं पुन्हा नियोजन, मग ६ मिनिटं पुनर्पाठ आणि ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. याला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मी ठेवणार नाही. फळ्यावर सरळ ओळीत, मागच्या बाकावरून वाचता येईल अशा आकारात आणि वर्गाकडे पाठ न करता लिहायला मी तिथंच शिकले, आणि ते पुढं रोज कामाला आलं.

उणीव एकच होती, पण मोठी. सूक्ष्म पाठात मुलं म्हणून आपल्याच मैत्रिणी बसतात. त्या आठ वर्षांच्या मुलांसारख्या वागून दाखवतात, गडबड करतात, मुद्दाम चुकतातही. पण मूल जसं चुकतं तसं चुकणं त्यांना जमत नाही, कारण त्यांना उत्तर माहीत असतं. मूल मुद्दाम चुकत नाही. त्याच्या मते ते बरोबरच असतं.

हे मला माझ्या पहिल्या सराव पाठात कळायला हवं होतं. तिथं कळलं नाही, कारण तो पाठ फारच ‘छान’ झाला. पाठ टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, चार पानांचं होतं. रात्री जागून केलेले तक्ते होते. ३५ मिनिटांच्या तासाला आणलेला मजकूर १८ मिनिटांत संपला. प्रश्न विचारला की हात वर व्हायचे, उत्तर बरोबर यायचं, मी ‘शाब्बास’ म्हणून पुढचा प्रश्न विचारायची. वर्गाला सगळं येतंय अशी माझी खात्री झाली होती. उरलेल्या वेळात काय करायचं ते मात्र सुचेना, म्हणून तोच मजकूर मी पुन्हा एकदा सांगितला.

नंतर वर्गशिक्षिकेनं एक कागद माझ्यापुढं ठेवला. त्यावर वर्गाची बैठक काढलेली होती, ३४ चौकोन. उत्तर देणाऱ्या मुलाच्या चौकोनात प्रत्येक वेळी एक रेघ. रेघा फक्त पाच चौकोनांत होत्या. बाकीचे २९ कोरे. “तू या पाच जणांना शिकवलंस,” त्या म्हणाल्या, “आणि त्यांना ते आधीच येत होतं.” आवाज चढवला नाही, टोमणा नाही. कागद मला देऊन टाकला. तो अजून माझ्याकडे आहे.

पुढच्या पाठाला त्यांना विचारून मी फोनवर आवाज ध्वनिमुद्रित केला आणि घरी ऐकला. प्रश्न संपायचा आणि लगेच माझाच आवाज यायचा: “कोण सांगेल? बोला पटकन. सोपं आहे.” मध्ये एक श्वास घेण्याइतकीही जागा नव्हती. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात नेमकी हीच गोष्ट मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांब होतात, एरवी गप्प राहणारी मुलं बोलतात, मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात. परीक्षेसाठी हे मी पाठ केलं होतं, उत्तरपत्रिकेत लिहिलंही होतं. माझ्याच आवाजाच्या ध्वनिमुद्रणात ते ऐकलं, तेव्हा मला पहिल्यांदा समजलं.

तीन सेकंद म्हणजे काय हे वर्गासमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. फार लांब असतात ते. ३४ चेहरे आपल्याकडे बघतायत, दोन हात वर आहेत, कुणी तरी “बाई, मी, बाई, मी” म्हणतंय, आणि आपण गप्प. हात मागं घेऊन अंगठ्यानं एकेक बोट दाबत मोजायची सवय मी लावून घेतली. चार बोटं झाल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही. पहिले काही दिवस त्या शांततेत मला घाम फुटायचा. मुलांनाही ती नवी होती. पटकन हात वर करणारी पाच जणं नाराज झाली, त्यातल्या एकानं तर “बाईंना माझा हात दिसत नाही” अशी तक्रार केली. आठवडाभरानं कोऱ्या चौकोनांत एकेक रेघ दिसायला लागली. मधल्या रांगेतली एक मुलगी, जिचा आवाज मी तोवर फक्त हजेरीला ऐकला होता, इतक्या हळू बोलली की मला तिच्याजवळ जाऊन वाकावं लागलं. तिचं उत्तर चुकलं होतं. त्या आठवड्यातलं सगळ्यात उपयोगी उत्तर तेच होतं.

आता गणिताबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझं खरं प्रशिक्षण तिथं झालं.

हातच्याची वजाबाकी चालू होती. ५२ वजा २७. वह्या तपासताना बऱ्याच जणांचं उत्तर ३५ आलेलं दिसलं. आधी मी लाल रेघ मारून शेजारी २५ लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी ६१ वजा ३८ चं उत्तर त्याच मुलांनी ३७ लिहिलं. मग रेघ मारणं थांबवलं आणि एका मुलाला विचारलं, “हे कसं केलंस, मला सांगशील?” तो म्हणाला, “एकातून आठ जात नाहीत ना. मग आठातून एक काढला. सात.” आणि वर म्हणाला, “लहानातून मोठं वजा होत नाही, असं तुम्हीच सांगितलंय.”

खरंच सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत. त्यानं ते ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं आणि प्रामाणिकपणे पाळलं होतं. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली वजाबाकीतल्या अशा चुकांवर काम केलं होतं. मुलं अंदाधुंद चुकत नाहीत, एक चुकीचा नियम धरून ती अगदी शिस्तीत चुकत जातात, असं त्यांनी दाखवलं. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक काढणं हा त्यातला नेहमी आढळणारा नियम. तेवढा नियम कळला की मूल पुढच्या उदाहरणाला काय उत्तर लिहील हे आधीच सांगता येतं. मी करून पाहिलं. ८३ वजा ४६ चं उत्तर त्याच्या वहीत ४३ येणार, असं मनाशी धरलं आणि ते तसंच आलं. आनंद वाटावा की वाईट, ते ठरवता येईना.

काड्यांचे गठ्ठे घेऊन बसले. पाच दशकांचे गठ्ठे, दोन सुट्या काड्या. “यातल्या सात काड्या मला दे.” त्यानं दोन दिल्या आणि गठ्ठ्यांकडे बघत थांबला. मी बोटं मोजली, चारही झाली, पुन्हा मोजली. तो गठ्ठ्याला हात लावेना. शेवटी विचारलं, तेव्हा म्हणाला, “रबर काढू? काल तुम्ही गठ्ठे सोडायचे नाहीत म्हणालात.” आदल्या दिवशी काड्या वर्गभर पसरल्या होत्या तेव्हा मी तसं म्हटलं होतं. त्याच्या दृष्टीनं तो गणिताचाच नियम झाला होता. “काढ,” म्हटलं. त्यानं रबर काढलं, दहा काड्या सुट्या झाल्या आणि त्या आधीच्या दोन काड्यांत मिसळताना तो स्वतःशीच म्हणाला, “बारा.” त्यानंतर मी फारसं बोलले नाही. वहीत ५२ वर रेघ मारून चार दशक आणि बारा एकक लिहायला त्याला आणखी तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस देणं योग्यच होतं. हाताळणं, मग चित्र, मग चिन्ह हा मानसशास्त्रज्ञ ब्रूनर यांनी सांगितलेला क्रम पाठ टाचणात एका तासात बसवलेला असतो. मूल तो आपल्या वेळानं घेतं.

दुसरी गोष्ट एकोणतीसची. संख्यालेखनाच्या वेळी ‘एकोणतीस’ सांगितलं की एक मुलगी ३९ लिहायची. ‘एकोणचाळीस’ला ४९. मला आधी ते दुर्लक्ष वाटलं. मग तिच्या कानानं ऐकून बघितलं. ‘एकोणतीस’मध्ये ‘तीस’ स्वच्छ ऐकू येतं, आणि ‘एकोण’ आलं की शेवटी नऊ असतात हे तिच्या लक्षात आलेलं होतं. म्हणजे तीस आणि नऊ. तिच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं. आधीच मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी लिहायचे, त्यात हा एकोणचा पेच. ‘एकोण’ म्हणजे एक ऊन, एक उणा, हे मलाही तोवर कुणी फोड करून सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तिला तीस मणी मोजून दिले आणि एक काढून घेतला. “एक उणे तीस. एकोणतीस.” तिनं मणी पुन्हा मोजले. लगेच काही बोलली नाही.

मध्ये दोन दिवस पहिलीच्या वर्गावर जावं लागलं. आठ-आठ मण्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या आणि मुलांसमोरच एक ओळ जरा पसरवली. “आता इथं जास्त झाले,” एक मुलगा ठामपणे म्हणाला. मोजायला लावलं. दोन्हीकडे आठ. तरी “इथंच जास्त आहेत,” हे त्याचं कायम. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी हे लिहून ठेवलंय, मीही ते वाचलं होतं. तरी मूल समोर बसून इतक्या खात्रीनं सांगतं, तेव्हा अंगावर काटा येतो. त्याला समजावून त्या दिवशी काही उपयोग नव्हता, आणि मी समजावलं नाही.

वर्ग सांभाळण्याबद्दल लोक फार विचारतात, म्हणून जे मला उपयोगी पडलं ते सांगते. साहित्य वाटण्याआधी सूचना द्या. काड्या हातात पडल्यावर कुणी ऐकत नाही. वह्या काढा म्हटल्यापासून सगळ्या वह्या बाकावर येईपर्यंत माझी सात मिनिटं जायची, कारण वही काढा, तारीख लिहा, समास आखा असं सगळं मी एका दमात सांगायची. एका वेळी एकच सूचना द्यायला लागल्यावर तीन मिनिटं पुरली. गलका वाढला की आवाज चढवायचा नाही. शिकवायला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माझा घसा बसला आणि त्या दोन दिवसांत, हळू बोलावं लागत असताना, वर्ग नेहमीपेक्षा शांत होता. बोलणाऱ्या मुलाजवळ जाऊन नुसतं उभं राहिलं तरी बहुतेक वेळा पुरतं.

एक खंत आहे, तीही सांगायला हवी. आमच्या कामाचं मोजमाप पाठांच्या संख्येवर आणि फाईलवर होत होतं. टाचण ठरलेल्या रकान्यांत, शीर्षकं रंगीत पेनानं, तक्त्यांना कडा. मूल्यमापनाच्या पाठाला आलेले निरीक्षक जेमतेम दहा मिनिटं बसले. त्या दहा मिनिटांत खिडकीजवळच्या त्या मुलानं एक पूर्ण ओळ न अडखळता वाचली. त्यांच्या अभिप्रायात तक्त्याचा रंग फिका असल्याचा उल्लेख होता. मला गुण बरे मिळाले, म्हणून गुणांबद्दल काही म्हणणं नाही. पण शिकायला आलेल्या माणसाला ‘मुलांकडे बघ’ असं सांगायचं आणि त्याला तपासताना मुलांकडे बघायचं नाही, याचा मला राग आला होता आणि अजूनही येतो. पाठ टाचण लिहूच नये असं मी म्हणत नाही. ते लिहिल्याशिवाय वर्गात गेले त्या एका दिवशी मी पार भरकटले होते. पुढं मी टाचणाच्या उजव्या बाजूला एक रकाना स्वतःचा वाढवला: ‘मुलं इथं काय चुकतील?’ तो भरायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. सुरुवातीला तो कोराच राहायचा, कारण मला ठाऊकच नसायचं.

आंतरवासितेला जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, की वह्या तपासायचं काम कुणी देत नसेल तर मागून घ्या. कंटाळवाणं आहे, पण ३४ वह्या सलग तपासल्या की एकच चूक अकरा ठिकाणी दिसते आणि दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं ते आपोआप कळतं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसू नका, मैदानावर जा. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी तिथं दहा जणींना खेळाचे नियम समजावून सांगत असते. आणि आपला पाठ झाल्यावर ‘कसा झाला?’ असं विचारू नका, लोक ‘छान झाला’ म्हणतात. ‘कोण बोललं नाही?’ असं विचारा.

शेवटच्या आठवड्यात पुन्हा संख्यालेखन घेतलं, दहा संख्या. वर्गशिक्षिका शेवटच्या बाकावर, माझ्या जुन्या जागी बसल्या होत्या. ‘एकोणतीस’ला त्या मुलीनं २९ लिहिलं. ‘एकोणसाठ’ म्हटल्यावर ६ लिहिला, पेन्सिल थांबली, खोडरबर घेऊन तो पुसला आणि ५९ लिहिले. शेवटची संख्या ‘नव्व्याण्णव’ होती. तिनं ती बरोबर लिहिली आणि मग हात वर केला.

“बाई, याला एकोणशंभर का नाही म्हणत?”

मला उत्तर येत नव्हतं. मी बोटं मोजायला लागले. तिसऱ्या बोटाला खिडकीजवळचा मुलगा म्हणाला, “कारण याच्यात नव्वद ऐकू येतंय.” लगेच पलीकडून कुणीतरी म्हणालं, “मग एकोणनव्वदमध्ये पण ऐकू येतं की, पण ते नव्वद नसतंच.” मग पाच-सहा जण एकदम बोलायला लागले, कुणी फळ्यापाशी आलं, कुणी खडू मागितला. मी खडू देऊन बाजूला झाले. घंटा झाली तरी ते चालूच होतं.